व्हीटीचा आराखडा हाती घेण्यापूर्वी स्टीव्हन्स दहा वर्षे काय करत होते?

वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ऐन विशीत इंग्लंडहून हिंदुस्थानात आले आणि तिशीच्या आसपास त्यांना आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे, म्हणजे जुन्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे (व्हीटीचे), काम मिळाले, इतक्या लहान वयात हे कसे जमले, ती इमारत खरोखर त्यांच्या एकट्याची म्हणावी का, आणि त्या काळच्या ब्रिटिश वास्तुविशारदाचे व्यावसायिक आयुष्य असे तरी कसे? मुंबईतल्या जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि त्या निमित्ताने या माणसाची कारकीर्द पुन्हा पुन्हा तपासावी लागली आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

'लहान वयात' हे शब्द आपण आजच्या हिशेबाने वापरतो. आपला विद्यार्थी पाच वर्षे महाविद्यालयात घालवतो आणि तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा साईटवर उभा राहतो. स्टीव्हन्स यांचा जन्म इंग्लंडमधल्या बाथ शहरातला, आणि १८६२ साली, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, ते तिथल्या चार्ल्स डेव्हिस या वास्तुविशारदाकडे उमेदवारीला लागले. त्या काळी इंग्लंडमध्ये वास्तुकला शिकण्याचा रूढ मार्ग हाच होता. मुलाच्या घरच्यांनी वास्तुविशारदाला ठरावीक रक्कम द्यायची, करार करायचा आणि मुलाने साधारण पाच वर्षे त्याच्या कार्यालयात राबायचे. सुरुवातीला दुसऱ्यांच्या ड्रॉईंगवर ट्रेसिंग कापड ठेवून नकला काढायच्या, मग जुन्या इमारतींची मोजमापे घ्यायची, मग तपशिलाची ड्रॉईंगे, कामाच्या अटी आणि दरपत्रके, आणि या सगळ्याबरोबर साईटवरची हजेरी. लंडनची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स ही संस्था १८३४ मध्ये स्थापन झालेली होती, पण तिची परीक्षा १८६३ पासून सुरू झाली ती ऐच्छिक म्हणून. सहसदस्य होण्यासाठी ती सक्तीची झाली १८८२ मध्ये. वास्तुविशारद म्हणवून घेण्यासाठी कायद्याने नोंदणी करण्याची व्यवस्था तर ब्रिटनमध्ये १९३१ साली आली. त्यामुळे १८६७ मध्ये उमेदवारी पुरी झालेल्या स्टीव्हन्स यांच्या हाती पदवी नव्हती, पण पाच वर्षांचे रोजचे काम मात्र हाडीमाशी मुरलेले होते.

बाथ हे शहर या शिक्षणाच्या दृष्टीने साधे नव्हते, आणि त्यांच्या चरित्रात या मुद्द्याला पुरेसे महत्त्व दिले जात नाही असे मला वाटते. अख्खे शहर मधाच्या रंगाच्या चुनखडीच्या दगडात बांधलेले आहे. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा ओलसर आणि मऊ असतो, कोणत्याही दिशेने कापता येतो, आणि पुढे उघड्या हवेत सुकला की टणक होतो. अशा गावात पाच वर्षे काढलेल्या मुलाला दगडाचा सांधा कुठे यावा, पाणी कुठून निथळावे, नक्षी किती खोल घ्यावी म्हणजे खालून डोळ्याला दिसेल, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पुढे मुंबईत त्यांनी नक्षीकामासाठी पोरबंदरचा दगड वापरला, तोही चुनखडीच्याच जातीचा. आपला काळवथरी दगड, म्हणजे बेसॉल्ट, छिन्नीला दाद देत नाही, पण पावसाला आणि खाऱ्या वाऱ्याला तोच पुरून उरतो; पोरबंदरचा दगड लोण्यासारखा कोरला जातो, पण समुद्राची खार त्याला खाते. कुठे कोणता दगड घालायचा हा निर्णय मुंबईच्या प्रत्येक गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपच्या टोकदार कमानींच्या शैलीतल्या, इमारतीत घ्यावा लागलेला आहे, आणि स्टीव्हन्स यांच्या इमारतींत तो बहुतांशी विचाराने घेतलेला दिसतो. मचाणावर चढून या इमारतींचे दगड जवळून पाहणाऱ्याला हे लवकर कळते.

१८६७ मध्ये त्यांनी इंडिया ऑफिसची, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या खात्याची, स्पर्धा परीक्षा दिली आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. पहिली नेमणूक पुण्याला झाली आणि वर्षभरात ते मुंबईला आले. तोवर हिंदुस्थानातल्या सरकारी इमारती बहुधा लष्करी अभियंते बांधत. मुंबईचे जुने सचिवालय कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचे आणि उच्च न्यायालय कर्नल जेम्स फुलर यांचे. दोघेही रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी. वास्तुकलेची रीतसर उमेदवारी केलेला तरुण खात्यात दुर्मीळ होता, आणि नेमक्या त्याच वेळी मुंबईला अशा माणसांची गरज पडली होती. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात किल्ल्याचे तट पाडले गेले होते, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात आलेला पैसा शहरात खेळून गेला होता, आणि मैदानाच्या कडेने सचिवालय, विद्यापीठ, न्यायालय, तार आणि टपाल कचेऱ्या अशी इमारतींची रांगच रांग उभी राहत होती. स्टीव्हन्स फुलर यांच्या हाताखाली आले ते या धामधुमीत. योग्य शिक्षण घेतलेला माणूस योग्य वर्षी योग्य शहरात पोहोचला, हे त्यांच्या यशाचे एक कारण आहेच आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही.

पण तेवढ्याने व्हीटी मिळत नाही. मधली दहा वर्षे ते खात्यातली कामे करत होते, आणि माझ्या मते त्यांची खरी कारकीर्द या दहा वर्षांत घडली. बांधकाम खात्यातल्या सहायक अभियंत्याला अंदाजपत्रके करावी लागत, कंत्राटदाराची बिले तपासावी लागत, मोजमाप वह्या भराव्या लागत, आणि दगड, चुना, लाकूड यांचा पुरवठा वेळेवर होतो का हे पाहावे लागे. पावसाळ्यात साईट कशी झाकायची, चुन्याचा घाणा किती दिवस फिरवायचा, कोणता पाथरवट कोणत्या कामाचा, हे सारे त्यातच आले. त्याच काळात सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे इंग्लंडमधले फार मोठे वास्तुविशारद मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय, दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे लंडनमध्ये बसून करत होते. त्यांनी मुंबईत कधी पाऊलही ठेवले नाही. इमारती देखण्या झाल्या यात शंका नाही, पण ड्रॉईंग बोटीने यायचे आणि साईटवरच्या अडचणी इथल्या अभियंत्यांनी निस्तरायच्या, अशी ती पद्धत होती. स्टीव्हन्स निस्तरणाऱ्यांच्या बाजूला वाढले. पुढे त्यांच्या कामात जो व्यवहारीपणा दिसतो त्याचे मूळ मला इथे सापडते.

त्यांचे पहिले मोठे स्वतंत्र काम म्हणजे रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, म्हणजे खलाशांचे वसतिगृह. राणी व्हिक्टोरियाचे पुत्र आल्फ्रेड, ड्यूक ऑफ एडिंबरो, यांच्या मुंबईभेटीच्या स्मरणार्थ ते उभारायचे ठरले, बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली आणि १८७० मध्ये खुद्द ड्यूकच्या हस्ते कोनशिला बसली. प्रत्यक्ष बांधकाम १८७२ ते १८७६ या काळात झाले. ही इमारत तुम्ही पाहिलेली असणार : रीगल सिनेमासमोरचे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय ते हेच, आणि त्याआधी अनेक दशके तिथे विधिमंडळ भरत असे. एका इमारतीला वसतिगृह, विधिमंडळ आणि पोलीस मुख्यालय असे तीन अगदी वेगळे संसार करता आले ही तिच्या आराखड्याच्या बाजूने मोठीच साक्ष आहे. दर्शनी त्रिकोणी शिरोभागात समुद्रदेव नेपच्यूनचा शिल्पसमूह आहे. पण तुम्ही तो पाहून झाल्यावर व्हरांड्यांकडे पाहा. खोल सावलीचे व्हरांडे, आरपार वारा वाहील अशी दारे आणि खिडक्या, आणि या साऱ्यावर चढवलेले गॉथिक कमानींचे रूप : इंग्लंडच्या हवामानासाठी जन्मलेली शैली मुंबईच्या उन्हात आणि पावसात कशी राहती करायची, याचा सराव त्यांनी इथे करून घेतला. व्हीटीतल्या बऱ्याच गोष्टींची तालीम इथे झालेली आहे.

१८७७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपल्या नव्या टर्मिनससाठी आणि मुख्य कचेरीसाठी सरकारकडे स्टीव्हन्स यांची सेवा उसनी मागितली. हा तपशील महत्त्वाचा आहे. रेल्वेने स्पर्धा भरवली नाही, लंडनचा नामवंत माणूस आणला नाही. खात्यात दहा वर्षे राबलेला, सेलर्स होम पूर्ण करून दाखवलेला माणूस मागून घेतला. काम मिळाल्यावर स्टीव्हन्स यांनी पहिली गोष्ट केली ती दहा महिन्यांची रजा काढून युरोपातली मोठी स्थानके पाहण्याची. लंडनचे सेंट पँक्रस स्थानक आणि त्याच्या दर्शनी भागातले स्कॉट यांचे हॉटेल त्या वेळी अगदी नवे होते आणि व्हीटीच्या दर्शनी रूपावर त्याची छाया आहे हे उघड दिसते. पण मांडणी निराळी आहे. सेंट पँक्रसला स्थानकापुढे हॉटेल आहे, तर मुंबईला रेल्वे चालवणारी सगळी यंत्रणा, म्हणजे लेखा, वाहतूक, संचालकांची दालने, एकाच छताखाली बसवायची होती. स्टीव्हन्स यांनी कचेरीची इमारत अंगणाच्या तीन बाजूंनी गुंडाळली, मधोमध घुमट आणि जिना घेतला, आणि प्रवाशांची ये-जा बाजूला ठेवली. कारकून, साहेब आणि प्रवासी अशा तीन प्रवाहांची वाट एकमेकांना न छेदता चालते. आज लाखो माणसे त्या स्थानकातून जातात आणि कचेरीही चालूच आहे. या आराखड्याची याहून कठीण परीक्षा मला सुचत नाही.

घुमटाबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण वास्तुविशारद म्हणून स्टीव्हन्स यांचे धाडस तिथे दिसते. गॉथिक इमारतींना मनोरे असतात, टोकदार छपरे असतात. अष्टकोनी, फासळ्यांचा दगडी घुमट अशा इटालियन गॉथिक धाटणीच्या इमारतीवर चढवणे ही त्या काळी नवी गोष्ट होती. आठ फासळ्या भार आठ कोपऱ्यांवर आणून सोडतात, त्यामुळे मधल्या भिंतींत उंच खिडक्या उघडता येतात आणि उजेड आत उतरतो. घुमटाखाली त्यांनी मजला घातला नाही. खालच्या जिन्यावरून मान वर केली की थेट घुमटाचा आतला भाग दिसतो, आणि रुंद दगडी पायऱ्या एका टोकाला भिंतीत रोवून दुसऱ्या बाजूला अधांतरी सोडल्यामुळे मधली पोकळी कुठेही अडत नाही. ज्या इमारतीत दिवसभर फायली हलणार, तिच्या जिन्याला एवढा मान देणे हा निर्णय काटकसरी माणसाने सहज टाळला असता. स्टीव्हन्स काटकसरी होते हे पुढे येईलच. पण पैसा कुठे खर्च करायचा आणि कुठे वाचवायचा हे त्यांना कळत होते, आणि आपल्या व्यवसायात हे कळणे फार थोड्यांना साधते.

काम १८७८ मध्ये सुरू झाले, १८८२ पासून गाड्या येऊ लागल्या, १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला स्थानकाला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले आणि १८८८ पर्यंत राहिलेली कामे आटोपली. खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये झाला. कित्येक ठिकाणी ही रक्कम स्टीव्हन्स यांचे मानधन म्हणून छापलेली आढळते, ती समजूत चुकीची आहे. तो बांधकामाचा खर्च आहे. अभ्यास करताना अशा आकड्यांपासून सावध राहा.

आता तुमचा दुसरा प्रश्न : इमारत त्यांच्या एकट्याची का? आराखडा, घडण आणि शेवटचा निर्णय त्यांचा, म्हणून वास्तुविशारद तेच. पण त्यांच्या कामाची पद्धत पाहिली तर असे दिसते की दुसऱ्यांचे हात कुठे लावायचे हे त्यांनी फार जाणीवपूर्वक ठरवले होते. घुमटावरची 'प्रगती'ची मूर्ती आणि प्रवेशद्वाराच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ ही थॉमस अर्प यांची शिल्पे. लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्थानकासमोरच्या स्मारकाचे कोरीव काम त्यांनीच केले होते. जिन्यांचे आणि सज्जांचे लोखंडी व पितळी कठडे, तिकीटघरातले लाकडी कोरीव काम आणि दगडातली पाने, फुले, मोर, माकडे यांतले बरेचसे काम सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केले. त्याच शाळेत आधी शिकवणारे लॉकवूड किपलिंग १८७५ मध्ये लाहोरला निघून गेले होते, त्यामुळे व्हीटीच्या नक्षीचे श्रेय किपलिंग यांना देणारी वाक्ये तुम्हाला भेटली तर ती तपासून घ्या. अ‍ॅक्सेल हेग या स्वीडिश वंशाच्या चित्रकाराने इमारतीचे भव्य जलरंगचित्र काढले आणि ते १८८० मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागले. त्यावरून मूळ कल्पनाच हेग यांची होती असेही काही जण लिहितात. मला ते पटत नाही. वास्तुविशारदांच्या आराखड्यांवरून अशी चित्रे काढून देणे हा हेग यांचा व्यवसायच होता, इंग्लिश वास्तुविशारद विल्यम बर्जेस यांच्यासाठीही त्यांनी ती काढली. आज एखाद्या प्रकल्पाचे सुंदर थ्रीडी चित्र करून देणाऱ्या स्टुडिओला आपण प्रकल्पाचे वास्तुविशारद म्हणत नाही, तसेच ते आहे.

ज्या नावांचा उल्लेख मात्र व्हायलाच हवा ती साईटवरची आहेत. सहायक अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि पर्यवेक्षक जनार्दन हे स्टीव्हन्स यांचे हिंदुस्थानी सहकारी होते. दहा वर्षे चाललेल्या अशा कामात सहायक अभियंता काय करतो हे मी रोज पाहतो : ड्रॉईंगमधली रेघ आणि दगडाचा प्रत्यक्ष थर यांचा मेळ तो घालतो. नक्षीच्या पूर्ण मापाच्या ड्रॉईंगवरून साचे कापायचे, ते पाथरवटाला द्यायचे, कोरलेला दगड साच्याला लावून पाहायचा, बसला नाही तर परत पाठवायचा, हे काम कागदावर कुठेही सही मागे न ठेवता होत राहते. स्टीव्हन्स यांना सहायक अभियंत्यापासून स्वतंत्र वास्तुविशारदापर्यंतची शिडी चढता आली; वैद्य यांच्यासाठी ती शिडी तितकी उंच ठेवलेली नव्हती. मंचेरजी कावसजी मर्झबान यांच्यासारखे काही हिंदुस्थानी अभियंते त्याही काळात खात्यात आणि पुढे मुंबई महापालिकेत कार्यकारी अभियंत्याच्या पदापर्यंत पोहोचले, कामा हॉस्पिटलसारखी इमारत त्यांच्या नावावर आहे. पण तो अपवाद होता. ब्रिटिश वास्तुविशारदाचे इथले व्यावसायिक आयुष्य समजून घ्यायचे तर त्याच्या गुणांबरोबर ही असमान वाटही ध्यानात घ्यावीच लागते, नाहीतर चित्र अर्धवट राहते.

१८८४ साली, व्हीटीचे काम अजून चालू असताना, स्टीव्हन्स यांनी सरकारी नोकरी सोडली आणि मुंबईतच खासगी व्यवसाय थाटला. निवृत्तिवेतनाची, बढतीची आणि शेवटी इंग्लंडला परतण्याची ठरलेली वाट त्यांनी सोडली. खात्यातल्या माणसाला इमारत वरिष्ठांच्या नावाखाली करावी लागते, बदली झाली तर अर्धवट टाकून जावे लागते. खासगी व्यवसायात नाव आपले, पण पुढचे काम मिळेलच याची शाश्वती नाही. मुंबईत तेव्हा रेल्वे कंपन्या, विमा कंपन्या, बँका आणि दानशूर व्यापारी असे नवे क्लायंट तयार होत होते. सरकारबाहेरही या शहरात वास्तुविशारदाला पोट भरता येईल हे त्यांनी ओळखले, आणि पुढच्या सोळा वर्षांत ते खरे करून दाखवले. १८८९ मध्ये त्यांना सीआयई (कंपॅनियन ऑफ द ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर) हा किताब मिळाला.

खासगी व्यवसायातले त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे व्हीटीच्या समोरची मुंबई महापालिकेची इमारत. कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते १८८४ च्या डिसेंबरातच बसली होती, पण काही वर्षे पुढे काही घडले नाही. मद्रासचे रॉबर्ट फेलोज चिझम यांचाही आराखडा विचारात होता. काम अखेर मिळाले स्टीव्हन्स यांना. बांधकाम १८८९ मध्ये सुरू झाले आणि १८९३ मध्ये संपले. जागा अवघड होती. आजचा दादाभाई नौरोजी मार्ग आणि महापालिका मार्ग जिथे निमुळत्या कोनात मिळतात तिथला तो तुकडा, आणि समोर स्वतःचीच त्याहून मोठी इमारत उभी. सामान्य वास्तुविशारदाने एखाद्या रस्त्याकडे तोंड करून कोपरा मागे सोडला असता. स्टीव्हन्स यांनी कोपऱ्यालाच दर्शनी बाजू केली, तिथे सुमारे २३५ फूट उंचीचा मनोरा उभा केला आणि दोन्ही रस्त्यांकडेने दोन पंख मागे नेले. त्यामुळे व्हीटी आडवी पसरते आणि महापालिका उभी चढते. दोन्ही इमारती एकमेकींना झाकत नाहीत. दर्शनी शिरोभागावर पंख असलेली स्त्रीमूर्ती आहे, हिंदुस्थानातले पहिले शहर म्हणून मुंबईची. इथे गॉथिक सांगाड्यावर घुमट, कमानी आणि नक्षी यांतून इस्लामी वास्तुकलेची छटा व्हीटीपेक्षा अधिक ठळकपणे आली आहे. काही अभ्यासकांना ही भेसळ वाटते. मला ती एका माणसाची वाढ वाटते : बाथहून आणलेला शब्दसंग्रह वीस वर्षांनंतर त्यांना अपुरा पडू लागला होता.

आणि आता पैशाचा हिशेब, कारण व्यावसायिक आयुष्य त्याशिवाय कळत नाही. महापालिकेच्या इमारतीचे अंदाजपत्रक ११,८८,०८२ रुपयांचे होते आणि प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९ रुपये आला, म्हणजे ६८,११३ रुपये वाचले. व्यंकू बाळाजी काळेवार हे कंत्राटदार होते. एवढ्या नक्षीदार, एवढ्या उंच सार्वजनिक इमारतीचा खर्च अंदाजाच्या आत राहणे ही आजही सहज घडणारी गोष्ट नाही. त्यात काळेवारांच्या व्यवस्थेचा वाटा निश्चित असणार, पण अंदाजपत्रक नीट झालेले नसेल तर उत्तम कंत्राटदारही ते वाचवू शकत नाही. बांधकाम खात्यातल्या मोजमाप वह्यांनी शिकवलेले गणित इथे कामी आले असे मी समजतो. स्टीव्हन्स यांच्या प्रतिभेबद्दल खूप लिहिले गेले आहे. त्यांच्या अंदाजपत्रकांबद्दल तेवढे लिहिले जायला हवे.

बाकीच्या कामांचा उल्लेख थोडक्यात करतो. फ्लोरा फाउंटनजवळच्या एका जुन्या शाळेच्या इमारतीचे त्यांनी ओरिएंटल विमा कंपनीच्या कचेरीत रूपांतर केले. जुन्या इमारतीला नवा उपयोग देण्याचे ते चांगले उदाहरण आहे. नैनितालचे गव्हर्न्मेंट हाऊस, जे पुढे राजभवन झाले, ते त्यांच्या शेवटच्या वर्षांतले. फोर्टमधली मुलजी जेठा प्याऊ, म्हणजे पाणपोई, मात्र तुम्ही जाऊन पाहाच. रतनसी मुलजी यांनी पंधराव्या वर्षी वारलेल्या आपल्या एकुलत्या मुलाच्या, धरमसीच्या, स्मरणार्थ ती बांधून घेतली, आणि वर पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाची मूर्ती आहे. रस्त्याच्या तिठ्यावरचे एवढेसे काम, पण रंगीत दगडांची निवड, प्राण्यांची कोरीव मुखे आणि पाणी निघण्याची जागा यांवर त्यांनी मोठ्या स्थानकाइतकेच मन लावलेले आहे. ज्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात महापालिकेचे काम झालेले आहे त्याने प्याऊसाठी इतका वेळ द्यावा, याने माझ्या मनात त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

त्यांचे शेवटचे मोठे काम म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची चर्चगेटची मुख्य कचेरी, आजचे पश्चिम रेल्वेचे मुख्यालय. १८९४ मध्ये काम सुरू झाले, १८९९ च्या आरंभी पूर्ण झाले, खर्च सुमारे साडेसात लाख रुपये. निळसर काळ्या ओबडधोबड दगडात पांढऱ्या दगडाचे पट्टे आणि वर पांढरे घुमट. गॉथिक आता नावापुरते उरले आहे. शिरोभागावरच्या मूर्तीच्या हाती रेल्वेचे इंजिन आहे. या वेळेपर्यंत त्यांचा मुलगा चार्ल्स फ्रेडरिक स्टीव्हन्स कार्यालयात काम करू लागला होता. १९०० च्या मार्चमध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मलेरियाने स्टीव्हन्स मुंबईतच वारले आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरले. कार्यालय मुलाने पुढे चालवले. वडिलांच्या सेलर्स होमसमोर १९३३ मध्ये उभी राहिलेली रीगल सिनेमाची आर्ट डेको, म्हणजे १९३० च्या सुमाराच्या नव्या शैलीतली, इमारत चार्ल्स यांची आहे, आणि त्यामुळे कुलाब्याच्या त्या एका चौकात उभे राहून बापलेकांच्या साठ वर्षांच्या व्यवसायाचे दोन्ही टोकांचे काम तुम्हाला एकाच वेळी पाहता येते.

तुम्ही या विषयावर प्रबंध करणार असाल तर माझे सांगणे असे की व्हीटीपासून सुरुवात करू नका. आधी सेलर्स होमचे व्हरांडे बाहेरून नीट पाहा, कमानीचा गाळा, खांबाची जाडी आणि व्हरांड्याची खोली यांचे रेखाटन करा. पोलीस मुख्यालय असल्यामुळे आत जाण्यासाठी लेखी परवानगी लागेल आणि ती मिळायला वेळ जाईल, म्हणून अर्ज लवकर करा. मग त्याच तीन गोष्टी व्हीटीच्या पश्चिमेकडच्या दर्शनी भागात, महापालिकेच्या दोन पंखांत आणि चर्चगेटच्या कचेरीत शोधा. १८७२ ते १८९९ या काळात त्यांच्या हातात काय कायम राहिले आणि काय बदलत गेले हे तुम्हाला कोणत्याही चरित्रलेखापेक्षा या चार इमारतींतून अधिक स्पष्ट दिसेल. आणि व्हीटीच्या ड्रॉईंगखाली श्रेयाची नोंद करताना वास्तुविशारद म्हणून फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, साईटवरचे अभियंते म्हणून सीताराम खंडेराव वैद्य आणि जनार्दन, शिल्पांसाठी थॉमस अर्प, आणि नक्षी व धातुकामासाठी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालचे कलाशाळेचे विद्यार्थी, अशी पूर्ण नोंद करा. विद्यार्थ्यांची नावे जुन्या अहवालांत मिळाली तर तीही घाला.